राजापूरच्या पाखाडीवरचं जुनं घर: पाडून स्लॅब टाकायचा की दुरुस्त करायचं?

अर्जुनाकाठ:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचून मगच सांगा ही विनंती, कारण पुढच्या महिन्यात आम्हा भावंडांना निर्णय घ्यायचाय आणि माझा जीव त्या घरात अडकलाय पण हातात मुद्दा एकही नाही.

आमचं मूळ घर राजापुरात. खाली बाजारपेठ, तिथून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, वर चढते, सुरुवातीलाच उजव्या हाताला. पणजोबांचं मसाल्याचं आणि किराणा मालाचं दुकान होतं, आजोबांपर्यंत चाललं, १९८४ ला बंद झालं. आता तिथे काकू राहते, वय ७८, एकटी, आणि घर सोडायला अजिबात तयार नाही. मी ठाण्याला, एक चुलतभाऊ पुण्याला, एक कोल्हापूरला.

घर पाखाडीच्या बाजूने बघितलं तर दुमजली आणि मागून बघितलं तर एकमजली, कारण उतारच तसा आहे. खाली दुकान, त्याच्यावर माडी, आणि माडीच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की थेट वरच्या आळीची वाट. दुकानाला शटर नाही, उभ्या फळ्या आहेत, वर-खाली लाकडात खाच आहे त्यातून एकेक फळी सरकवायची. एकूण अकरा फळ्या. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला पटाशीने पाडलेल्या रेघा आहेत, पहिलीला एक, दुसरीला दोन, अशा अकरापर्यंत. लहानपणी मे महिन्यात गेलो की रात्री आजोबांना फळ्या द्यायचं काम माझं असायचं. लाईट गेलेली असली तरी ते अंगठा फिरवून सांगायचे, ही सात नाही, सहा आहे, सात आण. क्रम चुकला तर शेवटची फळी बसतच नाही.

अजून एक गोष्ट म्हणजे दुकानाच्या तक्तपोशीत (फळ्यांच्या छतात) मधोमध साधारण अडीच फुटाचं चौकोनी झाकण आहे आणि त्याच्या बरोबर वर माडीच्या तुळईला लोखंडी कडी. ती कशासाठी ते घरात कुणालाच नीट माहीत नाही. कुणी म्हणतं पाळण्याची, कुणी म्हणतं झोपाळ्याची.

आता अडचण. गेल्या दोन पावसाळ्यांत खालच्या मजल्याची मागची भिंत, म्हणजे डोंगराच्या अंगाची, पूर्ण ओली होते, प्लॅस्टरचे पोपडे पडतात, आणि गेल्या ऑगस्टमध्ये तर जमिनीवर पाणी साठलं. कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेला, दहा मिनिटंही आत थांबला नाही, म्हणाला चिरा (भिंतीचा जांभा दगड) कुजलाय, सगळं पाडा, पिलर उभे करून स्लॅब टाका, वर दोन ब्लॉक निघतील, गणपतीला सगळे येऊन राहू शकाल. भावांना पटलंय. माझं विचारणं एवढंच की हे घर खरंच किती जुनं असेल (घरात ४०० वर्षं म्हणतात), असल्या घरांत राखण्यासारखं नेमकं काय असतं, आणि दुरुस्ती शक्य असते का. नुसतं "जुनं आहे म्हणून ठेवा" असं भावांना सांगून चालणार नाही.

पाखाडीवरून:
दादा, मी राजापुरातच राहतो. तुमच्या वर्णनावरून घर कुठलं असेल याचा अंदाज आला पण इथे लिहीत नाही.

पहिलं तुमच्या झाकणाचं सांगतो. ते ना पाळण्याचं ना झोपाळ्याचं, ते पुराचं आहे. आपल्याकडे अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या गावातच एकमेकींना मिळतात आणि वरून खाडीची भरती असते. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाण्याला उतरायला जागाच उरत नाही, मग ते पेठेत शिरतं. जवाहर चौकात पाणी आलं ही बातमी तुम्ही दर पावसाळ्यात टीव्हीवर बघत असाल. पाणी चढायला लागलं की खालचा माल वर न्यायचा, पण मिरीची गोणी किंवा गुळाची ढेप घेऊन अरुंद जिन्याने किती खेपा मारणार? म्हणून तक्तपोशीत झाकण, वर कडी, कडीत दोर आणि माल सरळ वर खेचायचा. आमच्या मामांच्या दुकानात कडीबरोबर लाकडी कप्पीपण होती, मी स्वतः लहानपणी दोर ओढलाय. तुमच्या तुळईवर कडीच्या आजूबाजूला लाकूड घासून गुळगुळीत झालंय का ते हात लावून बघा.

आता मुद्द्याचं. भिंत पाडायच्या आधी भिंतीच्या मागे काय आहे ते बघा. ब्रिटिशांच्या वेळच्या गॅझेटियरात राजापूरचं वर्णन कोकणातलं सगळ्यात जुनं दिसणारं आणि सगळ्यात चांगलं टिकलेलं गाव असं केलंय, रस्ते चढाचे आणि अरुंद, बाजार फरसबंदीचा आणि वरून छप्पर घातलेला. आता असं बघा, इथे पाऊस ३००० मिलीमीटरच्या वर, सगळं गाव उतारावर, आणि तरी ते एवढी वर्षं टिकलं. हे कसं? तर प्रत्येक पाखाडी ही नुसती वाट नाही, तिच्या कडेने पाण्याची चरी आहे. प्रत्येक घराच्या मागे डोंगर कापलेला असतो तिथे भिंत आणि डोंगर यांच्यामध्ये हात दीड हात मोकळी जागा सोडलेली असते, आम्ही तिला नुसतं "मागची चर" म्हणतो. डोंगरातून झिरपणारं पाणी त्या चरीत उतरतं, चरीतून घराच्या बाजूने पाखाडीच्या चरीत, तिथून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आणि पऱ्यातून नदीला. वरच्या घराचं पाणी खालच्या घराच्या हद्दीतून जायचं आणि त्यावरून भांडण व्हायचं नाही, कारण खालच्याचं पाणी त्याच्याही खालच्याकडून जायचं.

पाखाडीच्या पायऱ्या बघितल्यात कधी नीट? उंची कमी आणि पाऊल ठेवायला जागा भरपूर. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला गुडघा उंच उचलावा लागू नये म्हणून. आणि प्रत्येक पायरीला बाहेरच्या अंगाला अगदी बोटभर ढाळ आहे, पाणी चरीकडे जावं म्हणून. गेल्या काही वर्षांत बऱ्याच पाखाड्यांवर काँक्रीट ओतलं, ढाळ गेला, चरी बुजल्या, आता पाऊस पडला की पाखाडीच पऱ्या होते. मला हे दर जून महिन्यात डोळ्यासमोर दिसतं आणि वाईट वाटतं, कारण ज्यांनी काँक्रीट ओतलं त्यांना वाटतं आपण गावाचं भलं केलं.

तुमच्या घराची मागची चर ९९ टक्के बुजलेली असणार. काकू एकट्या, चर साफ कोण करणार? आधी जाऊन ते बघा.

चिरेबंदी:
मी आर्किटेक्ट आहे, रत्नागिरी-लांजा-राजापूर पट्ट्यात जुन्या घरांची दुरुस्ती हे माझं मुख्य काम. पाखाडीवरून यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं, त्यात भर घालतो.

वयाचं आधी. ४०० वर्षं हा आकडा मी प्रत्येक घरात ऐकतो, तो बाजूला ठेवा आणि घरालाच विचारा. छपरावर मंगलोरी कौलं असतील तर निदान ते छप्पर १८६५ च्या नंतरचं, कारण त्या वर्षी बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला. एखादं कौल उलटं करून बघा, मागे कारखान्याचा छाप असतो. त्याच्या आधी एक तर नळीची कौलं, कुंभाराने घडवलेली, नाहीतर पेंढ्याचं छप्पर. नळीच्या कौलांना उतार वेगळा लागतो, त्यामुळे मंगलोरी कौलं आली तेव्हा बऱ्याच घरांचे वासे बदलले गेले, भिंतीच्या माथ्यावर जुन्या वाशांची भोकं बुजवलेली दिसतात. म्हणजे छप्पर एका पिढीचं, माडी दुसऱ्या पिढीची, आणि जोतं आणि खालच्या भिंती त्याच्याही आधीच्या, असं या पेठेतल्या घरांत अगदी नेहमी असतं. तुमच्या घरातला सगळ्यात जुना भाग बहुतेक जोतं आणि ती डोंगराकडची भिंतच असेल, जी कॉन्ट्रॅक्टर कुजली म्हणतोय.

चिरा कुजत नाही. हे मी ठामपणे लिहितोय. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, म्हणून तर तो नुसत्या कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि हवा लागली की त्यातलं लोह घट्ट होत जातं आणि तो वर्षागणिक कडक होतो. बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०७ साली याच दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं, तेही मलबारात लोक त्याच्या विटा कापताना बघूनच. पण जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि प्यायलेलं पाणी परत हवेत सोडतो. जुन्या भिंतींना आतून माती किंवा चुन्याचा गिलावा होता, त्यातून हे पाणी निघून जायचं, भिंत ओली व्हायची आणि दिवाळीपर्यंत कोरडी व्हायची. सिमेंटचं प्लॅस्टर लावलं की भिंतीचं नाक-तोंड बंद. आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही, ते प्लॅस्टरच्या मागे साठतं, वर चढतं, आणि मग पोपडे. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत कधीतरी आतून सिमेंट प्लॅस्टर झालंय.

आता पिलर आणि स्लॅबचं. सपाट जमिनीवर हरकत कमी, पण तुमचं घर म्हणजे एका जिन्याची एक पायरी आहे. तुमची मागची भिंत वरच्या आळीची वाट पेलून आहे. बाजूची भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असेल तर त्याचं घर तुमच्या घराला टेकून उभं आहे. घर पूर्ण पाडून पिलरसाठी खड्डे खणले आणि त्यात पाऊस लागला तर वरची माती कुठे जाईल? मी असं एक काम बघितलंय, मे अखेर खोदलं, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वरचा गडगा (दगडी बांध) आणि अर्धी वाट खाली. माणसं वाचली हे नशीब.

आणि स्लॅब गळत नाही हा गैरसमज आहे. कोकणात फिरताना बघा, स्लॅबच्या किती घरांवर पाच-सात वर्षांत पत्र्याची शेड चढलेली असते. म्हणजे शेवटी उतरतं छप्पर लागलंच ना. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात एवढा छपराचा वळचणीला पुढावा, बस, इथल्या पावसाला यापेक्षा चांगला उपाय मला वीस वर्षांत सापडला नाही.

अर्जुनाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. होय, आतून सिमेंट प्लॅस्टर २०११ ला केलं, काकांनीच, तेव्हा सगळे म्हणाले घर कसं स्वच्छ दिसतंय. कौलाचा छाप आणि मागची चर दोन्ही बघतो, शनिवारी जायचं ठरवलंय.

मचवा:
चर्चा घराची चालू आहे पण थोडं पेठेचं लिहू द्या, कारण भावांना सांगायला तोही मुद्दा आहे, की आपलं घर एकटंदुकटं नाही, ते हजार वर्षं चालत आलेल्या एका व्यवस्थेतलं आहे.

कोकणातली जुनी बंदरं समुद्रावर कमी आणि खाडीत आत जास्त आहेत. खाडीत जिथपर्यंत भरतीच्या पाण्यावर गलबत येतं आणि घाटावरून उतरणारा बैल जिथपर्यंत येतो, ती दोघांची गाठ पडते तिथे पेठ. अशी जागा जवळजवळ नेहमी डोंगराच्या पायथ्याशीच सापडते, सपाटी असेल ती शेतीला आणि धक्क्याला, घरं चढावर. राजापूरला हा रस्ता अणुस्कुरा घाटातून येतो, कोल्हापूर-पन्हाळ्याच्या बाजूने. त्या घाटात जुनी फरसबंदी वाट अजून दिसते, तुमच्या पाखाडीचीच थोरली बहीण समजा.

खारेपाटण तुमच्यापासून जवळच. तिथे शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला, शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८. त्यात देवळाला दान दिलंय आणि ते कशातून, तर परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण, म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं. हजार वर्षांपूर्वी दक्षिण कोकणातल्या देवळाचा दिवा परदेशी जहाजाच्या जकातीवर जळत होता! आणि तिथलाच दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या अनंतदेव शिलाहाराचा, शके १०१६ चा, त्यात ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत येणाऱ्या, व्यापारी घराण्यातल्या एका प्रधानाच्या आणि त्याच्या भावाच्या गलबतांची जकात माफ केल्याचं लिहिलंय. म्हणजे व्यापाऱ्याला काय हवंय हे राजाला नेमकं कळत होतं.

दाभोळ बघितलं नसेल तर नक्की बघा. वाशिष्ठीच्या मुखाशी डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गाव, आज शांत, धोपाव्याला जाणारी फेरीबोट आणि मासळी एवढीच वर्दळ. पण बहामनी काळात हे दख्खनचं मोठं बंदर. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास इकडे होता, त्याने लिहून ठेवलंय की मिसर, अरबस्तान, खुरासान इथून घोडे या बंदरात येतात, आणि परतताना तो इथूनच होर्मुझच्या जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबर अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे गाव जाळलं, आणि तरीही गाव पुन्हा उभं राहिलं, इतकं की १६५९-६० मध्ये तिथे काळ्या दगडाची, घुमट आणि चार मिनारांची शाही मशीद बांधली गेली. विजापूरची शाहजादी आयेशाबिबी मक्केला निघाली होती, जाणं झालं नाही, बरोबरच्या पैशातून तिने मशीद बांधली असं तिथले लोक सांगतात. त्याच गावात चंडिकेचं भुयारी देऊळ आहे, वाकून आत जायचं, आत वीज नाही, तेलाचे दिवे. मी दोन्ही एकाच दुपारी बघितली. मशिदीतून बाहेर पडताना खाडीचं पाणी ज्या कोनातून दिसतं तो कोन मी विसरू शकत नाही.

राजापूरला इंग्रजांनी १६४९ च्या सुमारास वखार काढली, कशासाठी, तर मिरीसाठी. पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली, स्वतः जाऊन तोफा डागल्या, म्हणून महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर गाठलं आणि वखारीचा प्रमुख रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना कैदेत टाकलं. ही गोष्ट शाळेत सगळ्यांना शिकवतात पण ती घडली ती पेठ कशी दिसायची हे कुणी दाखवत नाही. ती वखार म्हणजे भक्कम दगडी इमारत होती आणि तिचं आवार थेट खाडीपर्यंत उतरत होतं. आता खाडी गाळाने भरली. इंग्रजी राजवटीतच परिस्थिती अशी होती की मोठं गलबत जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबायचं, आणि तरी अरबांची गलबतं थेट राजापूरशी व्यापार करत होती, रत्नागिरी जिल्ह्यात असं हे एकच बंदर उरलं होतं.

हल्ली सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळ पठारावरची, कातळशिल्पं बघायला बरेच लोक येतात, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, फार चांगली गोष्ट झाली. पण तीच माणसं खाली पेठेत उतरत नाहीत. पेठेत काय बघायचं हे सांगणारं कुणी नाही. अकरा रेघांची फळी बघायची, अजून काय!

रोहिणी लांजा:
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय, पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, रागावू नका.

मी लग्न होऊन अशाच घरात आले आणि २६ वर्षं राहिले. जुनं घर बाहेरून बघणाऱ्याला वेगळं दिसतं आणि आत राबणाऱ्या बाईला वेगळं. दर वर्षी मे महिन्यात कौलं परतायची, वाळवी बघायची, झडीच्या बाजूला विणलेली झापं बांधायची, चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या तुळया पुसायच्या. पूर्वी घरात चौदा माणसं होती, दोन गडी होते, त्यांच्यात हे काम वाटलं जायचं. आता त्या ७८ वर्षांच्या बाई एकट्या आहेत. रात्री लघवीला उठल्यावर त्यांना कुठे जावं लागतं हे कुणी विचारलंय का? आमच्याकडे संडास खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, पलीकडे होता, सासूबाई पावसात तिथे घसरून पडल्या आणि परत उठल्या नाहीत. त्या दिवसापासून मला कुणी जोत्याचं आणि तुळयांचं कौतुक सांगायला लागलं की माझ्या डोळ्यांसमोर ते ओलं खळं येतं.

म्हणून माझं म्हणणं, घर ठेवा, पण आधी घरात राहणाऱ्या माणसासाठी ठेवा. मागच्या दाराने वरच्या आळीत सपाट जाता येतं म्हणालात ना, मग काकूंची राहण्याची सोय माडीवर करा, तिथेच आत संडास-बाथरूम करा, ओटा करा. दवाखान्यात जायचं तर वरच्या वाटेने रिक्षापर्यंत जाता येईल का ते बघा. खालचं दुकान तसंच राहू दे. आणि काकूंना विचारलंत का, की त्यांना काय हवंय?

चिरेबंदी:
रोहिणीताई, अगदी योग्य बोललात. मी माझ्या कामात हा प्रश्न पहिला विचारायला हवा तो बऱ्याचदा तिसरा विचारतो. माडीवर डोंगराच्या बाजूला बाथरूम करता येतं, फक्त त्याचं पाणी मागच्या चरीत सोडायचं नाही, वेगळा पाइप काढून खाली न्यायचा, आणि लाकडी तक्तपोशीवर न करता जिथे खाली भरीव जमीन किंवा भिंत आहे तिथे करायचं. उतारावरच्या घरात माडीचा मागचा भाग बऱ्याचदा जमिनीवरच टेकलेला असतो, त्यामुळे हे शक्य आहे.

अर्जुनाकाठ:
मंडळी, जाऊन आलो. शनिवार-रविवार दोन्ही दिवस तिथे होतो, पुण्याच्या भावालाही बरोबर नेलं.

मागची चर होती. म्हणजे आम्हाला ती दिसलीच नाही आधी, तिथे रानमोडी आणि घाणेरी कमरेएवढी वाढलेली, खाली फुटकी कौलं, प्लॅस्टिक, आणि २०११ च्या कामाचा सगळा राडारोडा, तो कुणीतरी तिथेच टाकून दिलेला. दोन माणसं लावली, दिवसभर उपसलं. संध्याकाळी चार वाजता तळाला फरशी लागली. अखंड चिऱ्याची, मधोमध पन्हळीसारखी खोल तासलेली, आणि ढाळ इतका बरोबर की भावाने वरून बादली ओतली तर पाणी कुठेही न थांबता कोपऱ्यापर्यंत गेलं. कोपऱ्यात बाजूच्या भिंतीखालून बाहेर निघायला एक तोंड आहे, ते सिमेंटने लिंपलेलं. बहुतेक उंदीर येतात म्हणून. तेच फोडलं आणि पाखाडीच्या चरीशी जोड मोकळी झाली. भाऊ तिथेच पायरीवर बसला, काही बोलला नाही बराच वेळ.

कडीजवळचं लाकूड हात लावून बघितलं. दोन्ही बाजूंनी घासलेलं आहे, अंगठा बसेल एवढी खोबण. काकूला विचारलं तर म्हणाली अहो हो, मी लग्न होऊन आले त्या वर्षी पूर आला होता, तेव्हा मामंजींनी आणि दोन हमालांनी रात्री सगळा माल तिथून वर घेतला, मी वर कंदील धरून उभी होते. इतकी वर्षं आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

कौलावर छाप आहे, इंग्रजीत मंगळूरचं नाव आहे पण अर्धं झिजलेलं. भिंतीच्या माथ्यावर बुजवलेली भोकंपण आहेत, चिरेबंदी म्हणाले तशीच, आत्ताच्या वाशांच्या मधोमध.

आणि रोहिणीताई, काकूला विचारलं. ती म्हणाली मला जिना नको झालाय, बाकी काही नको. गेली तीन वर्षं ती रात्री पाणी पीत नाही, कारण उतरावं लागेल. आम्हाला हे माहीत नव्हतं. बाथरूम माडीवर करायचं हे तिथेच ठरलं, पहिलं काम तेच.

आता एक प्रश्न. आतलं सिमेंट प्लॅस्टर काढायचं तर आता लगेच काढू का पावसाळा जाऊ देऊ? आणि नंतर काय लावायचं? कोल्हापूरचा भाऊ अजून पूर्ण तयार नाही पण म्हणतोय एक पावसाळा बघू.

चिरेबंदी:
वाचून फार बरं वाटलं. आता काढू नका, पाऊस तोंडावर आहे. फक्त जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंतचे जे पोपडे सुटलेत तेवढे हाताने काढून टाका म्हणजे भिंतीला श्वास घ्यायला जागा होईल. हातोडा जोरात मारू नका, चिऱ्याचा पृष्ठभाग कडक झालेला असतो तो फुटला की आतला मऊ दगड उघडा पडतो. चर मोकळी झालीये तर यंदा भिंत किती ओली होते ते बघा, दर पंधरा दिवसांनी ओल कुठपर्यंत चढली तिथे खडूने रेघ मारून तारीख लिहा. ऑक्टोबरनंतर उरलेलं प्लॅस्टर काढायचं, पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवायची, मग सांध्यांच्या फटी चुन्याने भरायच्या आणि वर चुन्याचा गिलावा. आपल्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे, घाण्यात मळून गुळाचं पाणी घालून मुरवायचे. आता भिजवलेला चुना तयार मिळतो पण तो निदान पंधरा दिवस पाण्याखाली मुरलेला असावा, आणि त्यात कुणी सिमेंट "थोडंसं" मिसळतो म्हणाला तर त्याला काम देऊ नका.

पाखाडीवरून:
दादा, चुन्याचं काम येणारे दोन गवंडी ओळखीचे आहेत, दोघंही साठीच्या पुढचे, निरोप पाठवा मी गाठ घालून देतो. आणि जूनमध्ये चर बघायला मी स्वतः जाईन, पहिल्या मोठ्या पावसानंतर. आमच्या आळीच्या वाटेनेच जातं ते पाणी.

अर्जुनाकाठ:
नक्की पाठवतो. आणि एक सांगायचं राहिलं, सातव्या फळीला खालून वाळवी लागलीये. सुतार म्हणाला नवीन करून देतो, फणसाची. त्याला सांगितलंय की जुनी टाकायची नाही, समोर ठेवून रेघा तशाच पाडायच्या, सात.